दोन बिऱ्हाडांचा खेळ

सरकारी नोकराच्या घरातील सामानाचे, आमच्या मते, दोनच वर्ग पडतात : ट्रकमधून जाणारे आणि हातपिशवीतून जाणारे. पलंग, कपाटे, शिलाईचे यंत्र, लोणच्याच्या बरण्या हा सारा संसार पहिल्या वर्गात मोडतो. चष्मा, औषधे, बदलीच्या हुकमाची प्रत आणि वाटेतल्या भुकेसाठी बांधून घेतलेला चिवडा हा दुसऱ्या. देव्हारा ट्रकमधून जातो, देव मात्र पिशवीतूनच न्यावे लागतात. दर तीन वर्षांनी ही वाटणी करीत आल्यामुळे घरात कोणतीही नवी वस्तू आली की तिचे रूप, गुण अथवा किंमत यांपैकी काहीही मनात येण्यापूर्वी आमच्या मनात प्रश्न येतो तो हा, की ही ट्रकची की पिशवीची? दूरचित्रवाणी संचास जोडून खेळावयाचा कन्सोल हा निःसंशय ट्रकचा. दोन हातांत धरून खेळावयाचे छोटे यंत्र पिशवीचे. ही वाटणी इतकी सरळ आहे की तिच्यावर निबंध लिहिण्याचे कारण पडू नये. परंतु काही बदल्या अशा असतात की ज्यांत ट्रक मुळी निघतच नाही. पिशवी तेवढी निघते.

अशा बदलीचे वर्णन या मासिकाच्या वाचकांस करून सांगण्याची गरज नाही. मुलांची शाळा मध्यावर आलेली असते, क्वार्टर आणखी काही काळ ठेवून घेण्याची परवानगी मिळालेली असते, आणि एका बिऱ्हाडाची दोन बिऱ्हाडे होतात. २०२५ च्या मे महिन्यात भोपाळहून गुवाहाटीस रुजू होण्याचा हुकूम आमच्या हाती पडला तेव्हा आमचे चिरंजीव आठवीत गेले होते. घरात प्लेस्टेशन ५ हा कन्सोल होता, आणि त्या कन्सोलमध्ये एक अर्धवट बांधलेले घर होते.

या घराविषयी थोडे सांगितले पाहिजे. माइनक्राफ्ट या नावाचा स्वीडनमध्ये जन्मलेला एक खेळ आहे. २०११ मध्ये तो पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. त्यातील सृष्टी चौकोनी ठोकळ्यांची. माती, दगड, लाकूड खणावे, तोडावे, आणि त्याच ठोकळ्यांनी वाटेल ते बांधावे. त्यात जिंकणे-हरणे फारसे नाही. म्हणून आमच्यासारख्या मंद बोटांच्या मनुष्यासही त्यात स्थान आहे. दर रविवारी पडद्याचे दोन भाग करून आम्ही आणि चिरंजीव एक वाडा बांधीत असू. तो वाडा वाईजवळच्या खेड्यातील आमच्या आजोबांचा. तो विकला गेला त्यास आता कितीतरी वर्षे झाली. चिरंजीवांनी तो पाहिलेला नाही. आम्ही आठवणीतून सांगावे आणि त्याने बांधावे, असा क्रम होता. ‘ओसरी’, ‘माजघर’, ‘देवळी’, ‘आड’ हे शब्द त्याने पुस्तकात वाचले असते तर विसरला असता. ते त्याने ठोकळ्यांनी रचले. शाळेत हिंदी आणि इंग्रजी, खेळाच्या मैदानावर हिंदी, अशा दिनक्रमात मुलाच्या तोंडी मराठीचे जे शब्द उरतात ते बहुधा स्वयंपाकघरातले आणि रागाचे. या वाड्याने त्यांत पंधरा-वीस शब्दांची भर घातली होती, आणि ही भर, खरे सांगावयाचे तर, आम्हांस वाड्याहून मोलाची वाटत होती.

सामान बांधीत असता चिरंजीवांनी विचारले ते एवढेच : “बाबा, माजघर अर्धंच राहिलं. आता?” आम्ही म्हणालो, “बरोबर एक छोटे यंत्र नेऊ, आणि तिकडून बांधू.” तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी, ज्या खरेदीच्या बाबतीत आमच्याहून अधिक व्यवहारी आहेत, विचारले, “अहो, पण कोणते?” हा प्रश्न वाटला त्याहून खोल निघाला.

हातात धरून खेळावयाच्या यंत्रांचा वंश फार जुना नाही. निंटेंडो या जपानी कंपनीतील गुनपेई योकोई या अभियंत्याने १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ ही यंत्रमालिका आणली. वेगवान आगगाडीतून प्रवास करणारा कोणी नोकरदार वेळ घालविण्यासाठी खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणे उगाच दाबीत बसला होता. त्यास पाहून योकोईंना ही कल्पना सुचली, असे सांगतात. म्हणजे या साऱ्या वंशाचा मूळपुरुष एक कंटाळलेला, प्रवासातला नोकरदार होय, ही गोष्ट आमच्या वर्गास भूषणावह मानावयास हरकत नाही. योकोईंचे तत्त्वही मोठे विचार करण्याजोगे होते. जे तंत्र जुने, स्वस्त आणि पुरते मुरलेले आहे, तेच नव्या कामास लावावे, असे ते म्हणत. १९८९ मधील ‘गेम बॉय’ हे त्या तत्त्वाचे फळ. त्याच्या पडद्यास रंग नव्हता, आतून उजेडही नव्हता. परंतु चार पेन्सिल सेलांवर ते दहा तासांहून कितीतरी अधिक चाले. पुढल्याच वर्षी सेगा कंपनीने ‘गेम गियर’ आणले. त्याचा पडदा रंगीत आणि उजळ. पण त्यास सहा सेल लागत आणि ते तीन ते पाच तासांत संपत. रंगीत यंत्र हरले आणि करडे जिंकले. प्रवासी मनुष्यास देखणेपणाहून टिकाऊपणा अधिक लागतो, हे बाजाराने तेव्हा मान्य केले.

आमच्या देशात त्या काळी ही यंत्रे मोजक्या घरांत आली. बहुतेकांच्या हाती आले ते विटा रचावयाचे स्वस्त यंत्र, ज्याच्या खोक्यावर ‘९९९९ खेळ’ असे छापलेले असे आणि ज्यात प्रत्यक्षात मोजकेच खेळ निघत. त्या विटांचे मूळ, म्हणजे ‘टेट्रिस’, अलेक्सेई पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये मॉस्कोत रचले होते, हे तेव्हा कोणास ठाऊक होते? संचास जोडावयाच्या व्हिडिओ गेमच्या ‘कॅसेटी’ भाड्याने आणाव्यात, चालेनाशा झाल्या की त्यांत फुंकर घालावी, आणि उन्हाळ्याच्या सुटीत आगगाडीत मात्र विटांचे यंत्र घेऊन बसावे, असा प्रघात होता. घरचा खेळ आणि वाटेतला खेळ यांचा परस्परांशी काडीमात्र संबंध नव्हता.

तो संबंध जोडण्याची खटपट यंत्रे बनविणाऱ्यांनी मात्र दीर्घकाळ चालविली आहे. १९९४ मध्ये निंटेंडोने ‘सुपर गेम बॉय’ काढले. त्यायोगे हातातल्या यंत्राची कॅसेट घरच्या यंत्रात बसवून मोठ्या पडद्यावर खेळता येऊ लागली. २००४ मध्ये ‘झेल्डा’ मालिकेतील एक खेळ असा निघाला की चार खेळाडूंनी चार हातयंत्रे तारांनी घरच्या यंत्रास जोडावी. सर्वांचे ते मोठ्या पडद्यावर दिसावे आणि ज्याचे गुह्य ते त्याच्या हाती राहावे. सोनी कंपनीने २००६ मध्ये उलट दिशेने पाऊल टाकले : प्लेस्टेशन ३ वरील चित्र दूर असलेल्या ‘पीएसपी’वर दिसावे, अशी सोय केली. आरंभी ती मोजक्याच खेळांपुरती होती. २०१३ मध्ये प्लेस्टेशन ४ आणि ‘व्हिटा’ या जोडीत ती बहुतेक खेळांस लागू झाली. २०१२ च्या ‘वी यू’ यंत्रास पडदा असलेली पाटी होती, पण ती घरच्या यंत्रापासून फार दूर नेता येत नसे. ओसरीवर खेळणाऱ्या मुलास आईच्या हाकेच्या टप्प्यात राहावे लागावे तसे. अखेर २०१७ च्या मार्चमध्ये ‘स्विच’ आले आणि त्याने वादच मिटविला : एकच यंत्र, बैठकीत ठेवले की घरचे, उचलले की हातातले.

हा इतिहास चाळताना आमच्या ध्यानात आले की हातातल्या यंत्रांचे मूलतः दोनच पंथ आहेत. एक पंथ वेगळ्या बिऱ्हाडाचा : त्याची चूल स्वतंत्र, शिधा स्वतंत्र, घरच्या यंत्राशी त्याचे नाते असेल तर भेटीगाठीचे. दुसरा पंथ खिडकीचा : त्याच्यापाशी स्वतःचे असे काहीच नसते, ते केवळ दूरच्या घरात उघडते.

पहिल्या पंथातील दोन यंत्रे आमच्यापुढे होती. ‘स्टीम डेक’ हे २०२२ मध्ये निघालेले यंत्र म्हणजे वस्तुतः एक हातात मावणारा संगणक. सात इंचांचा पडदा, वजन सुमारे ६७० ग्रॅम, आणि संगणकावरील खेळांचे अफाट भांडार. परंतु प्लेस्टेशनसाठी विकत घेतलेला खेळ त्यावर चालत नाही. तो पुन्हा घ्यावा लागतो, आणि घरी जिथवर पोहोचलो तिथून पुढे तो उचलता येईलच असे नाही. दुसरे ‘स्विच’, त्याचा नवा अवतार २०२५ च्या जूनमध्ये आला. त्यावर माइनक्राफ्ट चालते, आणि मौज ही की प्लेस्टेशनवरील खेळाडू आणि स्विचवरील खेळाडू त्या खेळात एकमेकांस भेटू शकतात. २०१९ च्या अखेरीपासून ती सोय आहे. मात्र दोन्हीकडे त्यासाठी वर्गणी भरावी लागते. शिवाय ही यंत्रे आमच्या बाजारात मिळत ती परभारे आणलेली. एका दुकानदाराने आम्हांस “वॉरंटी आमची आहे ना साहेब” असे मोठ्या आत्मीयतेने सांगितले. पण ती आत्मीयता गुवाहाटीपर्यंत पुरेल की नाही, याविषयी तो काही बोलला नाही.

दुसऱ्या पंथात ‘प्लेस्टेशन पोर्टल’ होते. २०२३ च्या नोव्हेंबरात ते परदेशी निघाले आणि मागाहून आपल्याकडे आले. आठ इंचांचा पडदा, दोन बाजूंस कन्सोलच्याच कंट्रोलरचे दोन अर्धे. स्वतःच्या बळावर ते एकही खेळ चालवू शकत नाही. घरचा कन्सोल निद्रावस्थेत असावा. हे यंत्र वाय-फायच्या मार्गाने त्यास जागे करते, खेळ घरीच चालतो, आणि चित्र तेवढे येथे येते. त्यासाठी किमान ५ एमबीपीएस वेग लागतो. १५ असावा, अशी कंपनीचीच शिफारस आहे. घरी वीज गेली तर कन्सोल निद्रेतून उठत नाही, आणि हातातले यंत्र म्हणजे एक सुबक ताट होऊन बसते.

“आणि मोबाईल?” असे सुज्ञ वाचक विचारतील. प्रश्न रास्त आहे. प्लेस्टेशनचे दूरून खेळण्याचे ॲप मोबाईलवर विनामूल्य मिळते. खुद्द माइनक्राफ्टही मोबाईलवर आहे. परंतु ज्या यंत्रावर आमचे वरिष्ठ आम्हांस केव्हाही हाक मारू शकतात, त्या यंत्रावर आम्ही निश्चिंत मनाने माजघर बांधू शकू, हे संभवत नाही. खेळाचे यंत्र वेगळे असावे यास आमच्या मते याहून सबळ कारण नाही.

आता खरा प्रश्न. स्विच घेतला तर आम्ही आणि चिरंजीव एकाच वेळी वाड्यात भेटू. परंतु त्या खेळाची रीत अशी की वेगळी वर्गणी देऊन कायम उघडी राहणारी जागा घेतली नाही, तर वाडा असतो तो यजमानाच्या यंत्रात. यजमान आत असेल तेव्हाच पाहुण्यास प्रवेश. म्हणजे चिरंजीव खेळत असतील तेव्हाच आम्हांस दार उघडणार. मुलाची खेळण्याची वेळ सायंकाळी सहा ते सात. गुवाहाटीस सूर्य भोपाळहून जवळजवळ तासभर आधी मावळतो; हिवाळ्यात साडेचारलाच अंधार पडू लागतो. परंतु घड्याळ साऱ्या देशाचे एकच आणि कार्यालयही त्याच घड्याळावर चालते, म्हणून सहा वाजता आम्ही, अंधार पडून कितीही वेळ झालेला असो, बहुधा टेबलाशीच असणार.

उलट पोर्टल घेतले तर आम्ही घरच्याच कन्सोलवर, घरच्याच खात्यातून, त्याच वाड्यात शिरणार; पण आम्ही खेळत असता घरच्या कोणास त्या कन्सोलवर वेगळे काही खेळता येणार नाही. म्हणून आमची वेळ चिरंजीव निजल्यानंतरची. एकमेकांस आम्ही वाड्यात दिसणार नाही. दिसेल ते एकमेकांनी करून ठेवलेले काम. एका यंत्राने भेट मिळते आणि दुसऱ्याने पत्र, असा हा निवडीचा मुद्दा होता. पाहता क्षणी वाटते की भेटच श्रेष्ठ. आम्हांसही प्रथम तसेच वाटले. परंतु ज्या भेटीची वेळ दहापैकी सात वेळा चुकावयाची, ती मुलाला वाट पाहण्याची सवय लावते. आणि वाट पाहून कंटाळलेले मूल वडिलांवर रागावत नाही, ते हळूहळू विचारणे सोडून देते. परगावी नोकरी केलेल्या घरांतून हे आम्ही पाहिले आहे. पत्रास वेळ चुकण्याचे भय नसते.

निर्णय घेण्यापूर्वी आम्ही एक प्रयोग केला. तो वाचकांसही उपयोगी पडेल. कार्यभार घेतल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात यंत्र विकत न घेता मोबाईलवरील त्या विनामूल्य ॲपनेच घरचा कन्सोल उघडून पाहिला. भोपाळ आणि गुवाहाटी यांत सरळ रेषेत सुमारे दीड हजार किलोमीटरांचे अंतर. प्रकाशाच्या वेगास ते काहीच नव्हे. वेळ मोडते ती आडवळणाच्या मार्गांत, आणि घरी चित्र आवळून पाठविण्यात व येथे ते पुन्हा उलगडण्यात. चेंडू परतविण्याच्या खेळात आमचे बोट चेंडूमागून पोहोचत होते. मोटारींच्या शर्यतीत आम्ही वळण येऊन गेल्यावर वळत होतो. परंतु वाडा बांधण्याच्या कामी हा विलंब जाणवलाच नाही. वीट क्षणभर उशिरा बसली म्हणून भिंत वाकडी होत नाही. तेव्हा आमच्या मार्गाचा वेग कोणत्या खेळास पुरतो हे कळले, आणि आम्ही पोर्टल मागविले.

त्यास आता काही महिने झाले. रात्री साडेनवाच्या सुमारास घरचे दिवे मालवल्याचा सौभाग्यवतींचा फोन येऊन गेला की आम्ही यंत्र उघडतो. इंटरनेट रुसते त्या रात्री पुस्तक वाचतो. दौऱ्यावर विश्रामगृहात असलो तर तेथल्या वाय-फायची मिनतवारी करावी लागते. नाव आणि परवलीचा शब्द विचारणाऱ्या अशा वाय-फायशी या यंत्राचे आरंभी जुळत नसे, २०२४ मधील सुधारणेने ते जुळू लागले. आम्ही दहा-वीस विटा बसवितो आणि झोपतो. दुसऱ्या दिवशी सायंकाळी चिरंजीव त्यांपैकी निम्म्या काढून टाकतो, कारण त्याच्या मते त्या चुकीच्या जागी असतात. रविवारी फोनवर त्यावर खडाजंगी होते, आणि ती मराठीत होते.

जी गोष्ट कोणत्याही यंत्राच्या माहितीपत्रकात लिहिलेली नव्हती, ती पुढे झाली. त्या खेळात लाकडी पाटी रोवता येते. तिच्यावर चार लहान ओळी मावतात. एके रात्री माजघराच्या दारात आम्हांस अशी एक पाटी आढळली. रोमन अक्षरांत मराठी लिहिले होते : “बाबा, इकडची खिडकी नका हटवू.” आम्ही तिच्याशेजारी दुसरी पाटी रोवली : “काढणार नाही. पण आजोबांच्या माजघराला खिडकी नव्हती. अंधार असे.” तिसऱ्या दिवशी उत्तर आले : “मग आजी दिसत कशी होती?” चार ओळींत या प्रश्नाचे उत्तर मावेना. आम्ही रविवारपर्यंत थांबलो. मग फोनवर समईविषयी, चुलीच्या उजेडाविषयी आणि अंधारात आजीच्या बांगड्यांवरून ती कोठे आहे हे कसे कळे याविषयी अर्धा तास बोललो. खिडकी मात्र त्याने ठेवली. घर त्याचे आहे, तेव्हा तो हक्कही त्याचाच.

कोणी बदलीवर निघालेला स्नेही आम्हांस विचारील की घरच्या कन्सोलला जोडीचे यंत्र कोणते घ्यावे, तर आम्ही त्यास यंत्राचे नाव सांगणार नाही. आधी घरच्या मंडळींच्या आणि आपल्या वेळा कागदावर मांडा, असे सांगू. वेळा जुळत असतील तर स्वतंत्र यंत्र घ्यावे आणि खुशाल भेटावे. आगगाडीतच दिवस जात असतील, जेथे वाय-फायची शाश्वती नाही, तर खिडकीच्या पंथाकडे फिरकूही नये. आपला शिधा आपल्याजवळ असलेला बरा. आणि घरी असे काही अर्धे राहिले असेल की जे दोघांनी मिळूनच पुरे करावयाचे आहे, तर ते ज्या यंत्रात आहे त्याच यंत्रात पोहोचविणारे साधन निवडावे, मग त्याचा पडदा कितीही लहान असो.

आमच्या पोर्टलची बॅटरी हे लिहिता लिहिता भरत आली आहे. माजघर पुरे झाले. आता परसातील आडाचे काम काढले आहे. आड किती खोल होता हे आम्हांस नीटसे आठवत नाही. चिरंजीवांचे मत असे की पाणी लागेपर्यंत खणावे.